वाचक विचारतात : हॉल मिळाला तर डर्बी

मागच्या अंकात परदेशी राहणाऱ्यांच्या शनिवार-रविवारबद्दलच्या पानावर माझा फोटो आला होता. दोन हातांत दोन स्टॉपवॉच आणि मागे हेल्मेट घातलेल्या बायकांचा घोळका. खाली दोन ओळी होत्या : मूळची मिरजेची, स्टुटगार्टजवळ राहते, नोकरी गाड्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करण्याची, सुट्टीच्या दिवशी महिलांच्या रोलर डर्बीच्या सामन्यांत अधिकारी म्हणून उभी असते. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी उत्तरांचं काम माझ्याच गळ्यात घातलं. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. कबड्डी, खो-खो शिकवण्यात हयात गेली. तुमच्या फोटोवरून खेळ काही कळेना. चेंडू नाही, गोल नाही, मग गुण कशाचे? आणि हे टीव्हीवरच्या कुस्तीसारखं आधी ठरवून तर नसतं ना? (सांगली)

सर, कबड्डी शिकवलीत म्हणजे निम्मं काम झालं. चढाईपटू डोळ्यासमोर आणा. फरक एवढाच की इथे दोन्ही संघांच्या चढाईपटू एकाच वेळी चढाईला निघतात आणि दोन्हीकडचा बचाव एकमेकांत मिसळून उभा असतो. हेल्मेटवर चांदणी असते ती जॅमर. बाकीच्या चौघी ब्लॉकर. पायांत चाकांचे स्केट्स घालून सगळ्या अंडाकृती ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. जॅमरने घोळका फोडून बाहेर पडायचं. पहिल्या वेळचे गुण नसतात. फेरी मारून ती पुन्हा घोळक्यात शिरली की मग समोरच्या संघाची जेवढी ब्लॉकर ओलांडेल तेवढे गुण. हे जास्तीत जास्त दोन मिनिटं चालतं, त्याला जॅम म्हणतात. मध्ये तीस सेकंदांची उसंत, की पुढचा जॅम. अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन सत्रं.

खरी अक्कल लागते ती पुढे. जी जॅमर नियम न मोडता आधी बाहेर पडते तिला दोन्ही हात कमरेवर थापटून जॅम कधीही संपवता येतो. चार गुण पदरात पडले, समोरची जॅमर मागून सुसाट येतेय, की थापट कंबर. तिला भोपळा, आपल्याला चार. नवखे प्रेक्षक इथे हळहळतात, जुने टाळ्या वाजवतात.

धक्का मारायचा तो खांद्याने, छातीने, कमरेने. कोपर चालत नाही, डोकं चालत नाही, हाताने ढकलणं चालत नाही, पाठीवर मारणं तर नाहीच. चुकलं की तीस सेकंद बाकावर. सात वेळा चुकलं की सामन्यातून बाहेर.

ठरवून असतं का, ही शंका अगदीच अस्थानी नाही. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्टझर नावाच्या आयोजकाने हे सुरू केलं तेव्हा ती स्केटवरची लांब पल्ल्याची शर्यत होती, बाया आणि पुरुष दोघांची. लोक शर्यतीपेक्षा धडकांना टाळ्या देतात म्हटल्यावर नियम धडकांच्या बाजूने वळले. टीव्ही आला, नाटक शिरलं आणि सत्तरच्या दशकात या धंद्याने गाशा गुंडाळला. आजची डर्बी त्याची नात म्हणा हवं तर, पण आजोबांचं घर तिने सोडलेलं आहे. २००१ पासून टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बायकांनी हा खेळ नव्याने उभा केला. निकाल आधी ठरत नाही, पैसे घेऊन कुणी पडत नाही. मी बाकावर वेळ लावते तेव्हा माझ्यापुढे बसणाऱ्या बाईचा संताप अगदी अस्सल असतो, एवढं खात्रीने सांगते.

प्रश्न : अमेरिकेत जन्मलेला खेळ युरोपात इतक्या लवकर कसा पसरला? आणि तोही फक्त हौशी बायकांच्या जिवावर? (रत्नागिरी, पुणे, बेळगाव)

ऑस्टिनमध्ये सुरुवातीला ट्रॅक होता कडेने उंच उचललेला, सायकलींच्या शर्यतीला असतो तसा. तो बांधायला पैसा लागतो आणि कायमची जागा लागते. त्यांच्यातल्याच काही जणींनी वेगळं होऊन सपाट जमिनीवर खेळायला सुरुवात केली आणि सगळं चित्र पालटलं. सपाट ट्रॅक म्हणजे काय? मोजपट्टी, खडू, दोरी आणि चिकटपट्टी. साडेबारा फूट त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं, त्यांचे मध्यबिंदू पस्तीस फुटांवर. ही झाली आतली रेघ. बाहेरची रेघ साडेसव्वीस फूट त्रिज्येची, पण तिचे मध्यबिंदू एक-एक फूट सरकवलेले, त्यामुळे ट्रॅक कुठे तेरा फूट रुंद तर कुठे पंधरा. रेघेवर दोरी अंथरायची आणि वरून चिकटपट्टी मारायची, म्हणजे चाक रेघेबाहेर गेलं की खेळणारीला पायाला कळतं. सकाळी आठला हॉलचं दार उघडलं तर साडेनऊपर्यंत चौघी-पाचजणी गुडघ्यांवर रांगून हे उरकतात. संध्याकाळी सगळं खरवडून काढायचं. हॉल पुन्हा हँडबॉलवाल्यांचा.

अशा ट्रॅकचे नियम लिहून काढणारी संघटना अमेरिकेत २००४ मध्ये उभी राहिली. तिचं नाव डब्ल्यूएफटीडीए, म्हणजे महिलांच्या सपाट ट्रॅकवरच्या डर्बीचा संघ. ती खेळाडूंनीच चालवलेली. नियमपुस्तक कुणालाही फुकट. २००६ मध्ये लंडन आणि आमच्या स्टुटगार्टमध्ये युरोपातले पहिले संघ सुरू झाले. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे इथलं काही ‘पहिलं’ निघालं की मला उगीचच माहेरचा अभिमान वाटतो. मग ग्लासगो, स्टॉकहोम, बर्लिन, एडिंबरा, तूलूज, बोर्दो, हेलसिंकी, डब्लिन. तीन-चार वर्षांत मोठ्या शहरांत हे लोण पोचलं. २००९ मध्ये हॉलिवूडचा एक सिनेमा याच खेळावर आला. तो पाहून चौकशी करायला आलेल्या मुलींची एक आख्खी पिढीच आहे. आमच्याकडच्या तिशी-चाळिशीतल्या खेळाडूंना विचारा, निम्म्या जणी हेच सांगतील आणि जराशा लाजतील.

सिनेमाने बायका दारापर्यंत आल्या, पण टिकल्या का, याचं कारण मला वेगळं वाटतं. युरोपात लहानपणी खेळाच्या क्लबात घातलं नाही तर पंचविशीनंतर कुठल्याही सांघिक खेळात शून्यापासून शिरणं महाकठीण. हँडबॉल, फुटबॉल, व्हॉलीबॉल सगळीकडे समोरची सहाव्या वर्षापासून खेळत आलेली असते. डर्बी नवी होती, म्हणून सगळ्याच नवशिक्या होत्या. अठ्ठाविसाव्या वर्षी परिचारिका, तिसाव्या वर्षी वकीलबाई, दोन मुलांची आई, सगळ्या एकाच रांगेत धडाधड पडतात. बुटकी असेल तर फटीतून निसटते, थोराड असेल तर भिंत होते. शाळेत कायम शेवटी निवडलं गेलेल्या बायका इथे संघाचा कणा झालेल्या मी पाहिल्यात. आणि धक्का मारल्याबद्दल ‘सॉरी’ म्हणायचं नाही, हे शिकायला त्यांना स्केट्स शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

दुसरं कारण जर्मन पद्धतीचं. इथे सात जणांनी मिळून संस्था नोंदवली की नगरपालिकेकडे हॉलसाठी रांगेत उभं राहता येतं. बऱ्याच संघांनी तेही केलं नाही. गावातल्या जुन्या मोठ्या क्रीडा मंडळात आपला एक विभाग उघडून घेतला, म्हणजे विमा, हिशेब, हॉल सगळं एका छत्राखाली. फ्रान्समध्ये रोलर खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने डर्बीला आपल्या पंखाखाली घेतलं आणि राष्ट्रीय स्पर्धाही सुरू केली. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये संघांनी स्वतःची संघटना काढली. जर्मनीत २०१५ पासून बुंडेसलिगा, म्हणजे देशपातळीवरची साखळी स्पर्धा आहे. हो, फुटबॉलसारखीच, पण प्रेक्षकांत निम्मे खेळाडूंचे नातेवाईक, आणि केक विकणाऱ्या टेबलावर यजमान संघाची सगळ्यात आडदांड ब्लॉकर.

मग विश्वचषक. २०११ मध्ये टोरांटोत पहिला झाला तेव्हा तेरा देश होते आणि त्यातले सात युरोपातले : इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्वीडन, फिनलंड. त्याच वर्षी लंडनचा संघ डब्ल्यूएफटीडीएच्या अमेरिकेतल्या विभागीय प्लेऑफमध्ये जाऊन खेळला. २०१४ ला डॅलसमध्ये तीस देश आले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेसमोर इंग्लंड होतं. २०१८ चा विश्वचषक मँचेस्टरमध्ये झाला, अडतीस संघांचा. जिंकली अर्थात अमेरिकाच. पण एव्हाना प्लेऑफच्या फेऱ्याही समुद्र ओलांडून इकडे यायला लागल्या होत्या, २०१७ ला स्वीडनमधल्या माल्मोला, २०१८ ला स्पेनमधल्या आ कोरुन्याला. पूर्वी युरोपातल्या बायका अमेरिकेची तिकिटं काढायच्या. आता अमेरिकेतल्या बायकांना माल्मोचं हॉटेल शोधावं लागलं, याचा इथे फार आनंद झाला होता.

वाढ सरळ रेषेत झाली असं मात्र समजू नका. २०२० मध्ये करोनाने सगळे हॉल बंद केले. अंगाला अंग भिडवायचा खेळ, तो सगळ्यात शेवटी सुरू झाला. मधल्या काळात हॉल दुसऱ्यांनी घेतले, कुणी बाळंत झाली, कुणी गाव सोडलं. लहान गावांतले काही संघ परत उभे राहिलेच नाहीत, काही शेजारच्या संघात विरघळले.

खेळ वाढतोय की नाही हे कळायला लोक खेळाडू मोजतात, मी हॉलचे तास मोजते. मुली येतात हो, वर्षातून एकदा नवशिक्यांचा वर्ग लावला की नोंदणी भरते. पण त्यांना उभं करायला फरशी कुठे आहे? चाकं म्हटली की हॉलच्या देखरेख्याच्या कपाळाला आठ्या. लाकडी फरशी खराब होईल, हा पहिला आक्षेप. एका गावातला देखरेख्या तर आमची चाकं पांढऱ्या फडक्याने पुसून बघायचा आणि मग स्केट्सच्या पुढच्या टोकाला असलेल्या रबरी ब्रेककडे संशयाने पाहायचा. त्या ब्रेकचे डाग पडू शकतात हे खरं आहे, म्हणून डाग न पाडणारेच ब्रेक लावायची सक्ती असते. तरी काही ठिकाणी नकार तो नकारच. मग सरावासाठी रविवारी रात्री साडेआठ ते साडेदहा अशी वेळ मिळते, तीही चाळीस किलोमीटरवर. गणपतीसाठी हॉल शोधत फिरणाऱ्या आमच्या मंडळातल्या लोकांना हे दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : आधी या बायका जाळीचे स्टॉकिंग्ज घालून, चित्रविचित्र नावं लावून खेळायच्या असं वाचलं. हा खेळ आहे की तमाशा? (पुणे)

तमाशाच्या फडातल्या बाईइतके कष्ट किती पुणेकर करतात, हा प्रश्न मी विचारणार नाही.

सुरुवातीची वर्षं तशी होती, खरंच. पंक गाण्यांच्या वातावरणातून हे आलं. प्रत्येकीचं एक कोटीबाज टोपणनाव, चेहऱ्यावर रंग, पाठीवर भलताच नंबर. त्याने प्रेक्षक आले, तिकिटं खपली, हॉलचं भाडं निघालं. पुढे स्पर्धा कडक झाल्या तशी स्टॉकिंग्ज गेली आणि धावपटूंच्या लेगिंग्ज आल्या. काही जणी आता जर्सीवर आपलं खरं आडनाव लावतात, काही जणींनी टोपणनाव सोडलेलं नाही. यावरून संघासंघांत वाद होतात आणि दोन्ही बाजूंचं मला पटतं. ऑफिसात ‘फ्राऊ अमुक’ असणारी बाई शनिवारी दुसरंच नाव घेऊन मैदानात उतरते, यात तिला सापडणारी मोकळीक मी जवळून पाहिली आहे.

प्रश्न : पुरुषांना, तृतीयपंथीयांना प्रवेश आहे का? (पणजी)

पुरुषांचे वेगळे संघ आहेत, संख्येने बरेच कमी. पुरुष इथे पुष्कळदा पंच असतात, प्रशिक्षक असतात किंवा खुर्च्या लावतात. डब्ल्यूएफटीडीएच्या संघांत ट्रान्स स्त्रिया आणि स्त्री-पुरुष या चौकटीत स्वतःला न बसवणारे खेळाडू खेळतात, धोरण तसं लिखित आहे. याच कारणाने बऱ्याच संघांनी नावातून ‘गर्ल्स’ काढलं. लंडन रोलरगर्ल्सचं लंडन रोलर डर्बी झालं ते त्यातूनच.

प्रश्न : माझी मुलगी नववीपर्यंत रिंकवर क्वाड (दोन चाकं पुढे, दोन मागे असलेल्या स्केट्सवरचं) स्केटिंग करायची, जिल्हा पातळीवर पदकं आहेत. दहावीला आम्ही बंद केलं. आता ती एमएस करायला जर्मनीला चालली आहे आणि तिथे डर्बीत जाणार म्हणते. हाडं मोडतात का? खर्च किती? मी झोपू की नको? (ठाणे)

ताई, झोपा.

हाडं मोडतात का, तर हो, कधीकधी मोडतात. घोटा आणि गुडघा हे नाजूक भाग. बोटं सांभाळायला पडताना मूठ मिटायची हे पहिल्याच दिवशी शिकवतात, कारण मागून येणारीचं चाक बोटांवरून जाऊ शकतं. खेळाडूने हेल्मेट, दातांना रक्षक, कोपर, मनगट आणि गुडघ्याचे पॅड घालायचेच, त्याशिवाय ट्रॅकवर पाऊल नाही. नवशिक्यांना कित्येक महिने कुणी धक्काही मारत नाही. आधी पडायचं कसं, पडल्यावर पटकन उठायचं कसं, थांबायचं कसं, आणि हे सगळं प्रशिक्षकाने तपासून होय म्हटल्यावर मग अंगाला अंग.

तुमच्या लेकीचं अर्धं काम झालेलं आहे, आणि तेच तिला आडवंही येणार आहे. क्वाडवर तोल आहे, रिंकवरही घड्याळाच्या उलटच फिरायचं असतं, त्यामुळे वळण अंगात मुरलेलं. पण आपल्याकडे रिंकवर वेग शिकवतात. इथे वेग लागतो तो क्षणभर, बाकी सगळा वेळ थांबणं, बसकण मारून उभं राहणं, उलट्या दिशेला तोंड करून सरकणं आणि दोन मैत्रिणींना खेटून भिंत धरणं. शर्यतीत वाढलेल्या मुली पहिले दोन महिने घोळक्याच्या पुढे निघून जातात आणि मागे वळून बघतात तर खेळ मागेच राहिलेला. तिला आत्तापासून अंगणात टाचा बाहेर ढकलत थांबायची सवय करू दे.

खर्चाचं म्हणाल तर जुने रेसिंगचे स्केट्स नेऊ नयेत. त्यांना पुढे ब्रेक नसेल तर उपयोग नाही. नवशिक्यांसाठी बऱ्यापैकी स्केट्स दीड-दोनशे युरोंच्या पुढे पडतात, पण घाई नको, पुष्कळ संघांकडे जुन्या स्केट्सची आणि पॅडची पेटी असते, त्यातून उसने मिळतात. पैसे घालायचेच तर आधी गुडघ्याच्या पॅडमध्ये घाला. स्केट्स नंतर बदलता येतात. शिवाय महिन्याची वर्गणी असते, विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी कमी. विद्यार्थी म्हणून तिचा आरोग्य विमा इथे सक्तीचाच आहे. संघ नोंदणीकृत क्रीडा मंडळाचा भाग असेल तर मंडळाचाही विमा असतो. प्रवेश घेताना तो आहे का, हे तिला स्पष्ट विचारायला सांगा. विचारलं म्हणून इथे कुणी वाईट वाटून घेत नाही.

आणि एक गोष्ट पत्रात तुम्ही विचारली नाहीत, पण मला सांगाविशी वाटते. नव्या देशात पहिल्या हिवाळ्यात पोरी खोलीत एकट्या बसतात. चारला अंधार पडतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी वीस-पंचवीस बायका तिची वाट बघत असतील, तिला गाडीतून सोडतील, भाषेच्या चुका खेळता खेळता सुधारतील. दहावीला बंद केलंत त्याबद्दल मी काही बोलत नाही. आपल्याकडे सगळेच करतात.

प्रश्न : यात पैसे मिळतात का? (नागपूर)

नाही. जातात.

खेळाडू वर्गणी भरतात, स्वतःचे स्केट्स आणतात, दुसऱ्या गावी सामन्याला गेलं की यजमान संघातल्या कुणाच्या तरी घरी सोफ्यावर झोपतात. तिकीटविक्रीतून आलेले पैसे हॉलचं भाडं, रुग्णसेवेचे स्वयंसेवक आणि चिकटपट्टी यांत संपतात. चिकटपट्टी किती महाग असते याची तुम्हाला कल्पना नाही.

प्रश्न : मी सध्या हेलसिंकीत असते. वय सत्तेचाळीस, स्केटिंग येत नाही, शिकायची इच्छाही नाही. तरी तुमच्यासारखं स्टॉपवॉच धरून उभं राहता येईल का? (मूळ कोल्हापूर)

येईल, आणि तुम्ही उद्या गेलात तर उद्याच घेतील. एका सामन्याला स्केटवरचे सात पंच लागतात आणि शिवाय जमिनीवर उभे राहणारे दहा-बारा जण. कुणी गुण लिहितं, कुणी कोण कोणत्या जॅममध्ये खेळलं ते लिहितं, कुणी फळा चालवतं. एक जण नुसता जॅमचा वेळ लावतो. या माणसांशिवाय सामना होत नाही आणि ही माणसं नेहमीच कमी असतात. मीही अशीच गेले. ऑफिसातली एक सहकारी खेळायची, तिने ‘नुसती बघायला ये’ म्हणून नेलं आणि मध्यंतरात हातात पेन्सिल दिली.

माझी जागा बाकाजवळ. प्रत्येक संघाला तीन खुर्च्या, एक जॅमरची, दोन ब्लॉकरच्या. खेळाडू बसली की घड्याळ सुरू. दहा सेकंद उरली की ‘स्टँड’ म्हणायचं, ती उभी राहते, वेळ संपली की ‘डन’, की ती सुटली. ऐकायला सोपं आहे. पण दोन्ही जॅमर एकदम आल्या की मजा. दुसरी बसली त्याच क्षणी पहिली सुटते, आणि पहिलीने जेवढी सेकंद भोगली तेवढीच दुसरीने भोगायची. म्हणजे पहिली अकरा सेकंदांनी सुटली तर दुसरीलाही अकराच. हा हिशेब घामाघूम बाई समोर बसून ‘किती राहिले, किती राहिले’ विचारत असताना, तिसरी बाई धाडकन येऊन शेजारच्या खुर्चीवर आदळत असताना करायचा. एसटीच्या खिडकीवर सुट्ट्यांच्या दिवसांत ज्यांनी तिकीट काढलंय त्यांना जमेल.

हेलसिंकीत २००९ पासून संघ आहे आणि तो युरोपातल्या चांगल्या संघांत मोडतो, त्यामुळे तुमची सुरुवात एकदम वरच्या वर्गात होईल. घाबरू नका, पहिल्या वेळी कुणीतरी जुनी मंडळी शेजारी बसवतात. आधी एक सराव सामना मागा, तो पंचांनाही सरावच असतो. इंग्रजी पुरतं, नियम जगभर इंग्रजीत हाकारतात. नियमपुस्तक संपूर्ण वाचू नका, बाकाचं प्रकरण तेवढं वाचा. अंगात काळा टी-शर्ट, गळ्यात दोरीचं स्टॉपवॉच. आणि बुटांचा तळवा डाग न पाडणारा हवा, तोही बाहेर न वापरलेला, नाहीतर देखरेख्या तुम्हाला दारातूनच परत पाठवेल.